आवाजामागून येणारी गोळी

आई, तुला बंदुकीबद्दल लिहायचं आहे. दुसऱ्या कुणाला लिहिलं तर आधी खूप समजावून सांगावं लागेल, आणि समजावता समजावता मूळ गोष्ट निसटेल. तू गेलीस तेव्हा मी या देशात नवी होते. नवऱ्याच्या नोकरीपाठोपाठ आलेली, स्वतःचं काही काम नसलेली. आता इथल्या वाखनिंगन गावात एका प्रयोगशाळेत बियाणं उगवतं की नाही ते तपासते. म्हणजे तुझ्यासारखीच तपासनीस झाले. फक्त बियाणं आवाज करत नाही.

तुझी नात तू पाहिली नाहीस. ती कॉलेजात जाते, उंच आहे, मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीत देते, आणि रागावली की डचमध्ये. दोन वर्षांपूर्वी ती गावाबाहेरच्या नेमबाजी क्लबात जायला लागली. छोट्या गोळीची सेमी-ऑटोमॅटिक रायफल. घोडा ओढला की एक गोळी सुटते, मग रायफल आपणच रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि पुढची गोळी आत घेते. मला ते आवडलं नव्हतं. मी तसं म्हटलं तर ती म्हणाली, "बट आजी डिड इट ऑल डे, राइट?" मी म्हटलं, आजी गोळी मारत नसे. आजी मारणाऱ्याच्या मागे बसायची. "दॅट्स इव्हन कूलर," ती म्हणाली.

मारणाऱ्याच्या मागे बसणं हे काम आहे, हे मला लहानपणी कळत नव्हतं. दारूगोळ्याच्या कारखान्यात चाचणीची ती लांब खोली, टोकाला वाळूचा ढीग, आणि तू लाकडी बाकावर, एक हात फळीवर टेकवून. कारखान्याच्या वार्षिक दिवशी घरच्यांना आत नेत, तेव्हा मी तुला तशी पाहिली. तुझा उजवा कान तोवर गेला होता आणि डावा जायला लागला होता, पण तू ऐकतच नव्हतीस. तू हाताने मोजत होतीस. गोळी सुटली की रायफलीतला बोल्ट, गोळीमागचा सरकता लोखंडी ठोकळा, मागे जातो तो एक ठोका, पुढे येऊन मिटतो तो दुसरा. दोन्ही ठोके पुरे आले की तू मान हलवायचीस. शेजारच्या बाकावरचे काका मला म्हणाले, "तुझ्या आईपुढे खोटं बोलू नकोस हो, टेबलावर हात ठेवून सांगेल ती." सगळे हसले. तूही हसलीस, जरा उशिरा, त्यांचे ओठ पाहून.

घरी तोच हात कडाप्प्याच्या ओट्यावर असे. शिट्टी तुला ऐकू येत नसे, पण कुकर उतरवायला तू कधी चुकली नाहीस. जिन्यात कोण आहे ते तू आधी सांगायचीस: शेजारीण आली, दूधवाला गेला. एकदा दुपारी तू पीठ मळताना थांबलीस आणि म्हणालीस, "बघ गं, कुणीतरी आलंय." मी दार उघडलं. जिना रिकामा होता. तसं मी सांगितलं. तू पुन्हा ओट्यावर हात टेकवलास, पिठाचा, आणि थोडा वेळ तसाच ठेवलास. "आलं होतं," तू म्हणालीस. "दार अर्धंच लोटलं." आणि पुन्हा पीठ मळायला लागलीस. मी दाराला कडी घातली. मग त्या दुपारी मी तुझ्या अंगाला चिकटूनच बसले.

अर्धं लोटलेलं दार हे तुझं कामावरचं बोलणं होतं, हे मला नंतर कळलं. कारखान्यात एकदा मंद गोळ्यांची खेप आली होती. आवाजापेक्षा हळू जाणाऱ्या. एरवी गोळी आवाजाच्या पुढे धावते आणि हवा फाडते, म्हणून तो कडाका होतो. ही गोळी आवाजाच्या मागून येते, म्हणून कडाका नाही. पण तिच्यात दारूचा जोर कमी, त्यामुळे बोल्टला मागे रेटायलाही जोर कमी. तू मला कँटीनच्या स्प्रिंगच्या दाराने समजावलं होतंस. पुढच्या माणसाने दार पुरतं लोटलं तर मागचाही आत येतो. अर्धंच लोटलं तर दार मिटतं आणि मागचा बाहेरच राहतो. तसंच बोल्टचं. पुरता मागे गेला नाही तर कधी रिकामी पुंगळी दारात चिमटते, कधी पुंगळी जाते पण पुढची गोळी वर येत नाही, आणि रायफल पोकळीवरच मिटते. "तिला वाटतं आपण भरलेल्या आहोत," तू म्हणायचीस. थंडीत वंगण घट्ट झालं की आणखी वाईट.

त्या खेपेत रायफली इतक्या वेळा अडल्या की बाकावरच्या माणसांना सवय लागली. अडली की खेचायचा बोल्ट हाताने, आणि पुढची मारायची. काकांनी तसंच केलं. त्यांची रायफल अडली नव्हती. दारू नीट पेटलीच नव्हती आणि गोळी नळीत मध्येच थांबली होती. त्यांनी सवयीने बोल्ट खेचला आणि तिच्या मागून दुसरी मारली. नळी फुटली. काकांचा डावा डोळा गेला. तू मला आयुष्यात एकदाच मारलंस, ते त्याच आठवड्यात. शिलाई मशीन अडलं होतं आणि मी चाक हाताने फिरवून पुढे ढकलत होते. तू मागून आलीस, माझ्या मनगटावर फटका बसला आणि तू ओरडलीस, "हात काढ!" मग बराच वेळ माझं मनगट धरून बसलीस. "अडलेली वेगळी आणि गिळलेली वेगळी," तू म्हणालीस. "आधी विचारायचं तिला. मग हात घालायचा." मला वाटलं तू मशीनबद्दल बोलते आहेस.

आता इथलं. क्लब शेतांच्या कडेला आहे, पण शेतं संपून घरं यायला लागली. नव्या घरांतल्या लोकांनी आवाजाची तक्रार केली, खेमेंटेकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, पत्र आलं, आणि क्लबाने रविवारी सकाळी फक्त मंद गोळ्या वापरायचं ठरवलं. बाकावर देखरेख करणारे एक म्हातारे आहेत. त्यांनी पहिल्या दिवशी खोका उघडून सगळ्यांना दाखवला. "आमच्या वयाची गोळी," ते म्हणाले. "पोचते, पण घाई नाही." सगळे हसले. मी हसले नाही, कारण पुढे काय होणार ते मला ठाऊक होतं.

आई, ती शांतता तू अनुभवली असशील, तुझ्या पद्धतीने. धुकं असतं. कालव्यापलीकडची गाय दिसत नाही, तिचा श्वास ऐकू येतो. नात घोडा ओढते आणि कडाका होत नाही. एक ठप्प, जसं जाड पुस्तक मिटावं. मग टोकाला कागदाला भोक पडल्याचा आवाज, वेगळा, स्वच्छ. एरवी तो कधी ऐकू येत नसे. मला पहिल्यांदा वाटलं, तिकडे कुणीतरी उभं आहे आणि कागदावर बोट मारतं आहे. मी कान झाकायचे मफ काढले आणि पुन्हा घातले. ठप्प, आणि तिकडून उत्तर.

आणि रायफली अडायला लागल्या. दहापैकी एखाद-दुसरी गोळी, थंडीत त्याहून जास्त. पुंगळी दारात चिमटायची किंवा बोल्ट पोकळीवर मिटायचा. पहिले दोन रविवार सगळे थांबून नीट पाहत. मग सवय झाली. नात तर इतकी चपळ झाली की नेमावरून डोळा न हलवता बोल्ट खेचायची. मैत्रिणी तिला चिडवत, "तुझी सेमी-ऑटोमॅटिक नाही, तूच आहेस." तिला ते आवडायचं. मी तिला काकांचं सांगितलं, डोळ्याचं. "आई, दॅट वॉज अ फॅक्टरी. धिस इज अ टू-टू." म्हणजे अगदी छोट्या गोळीची. मी पुन्हा सांगितलं. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हाताऱ्या माणसाच्या ठेवतात तसा.

तो रविवार फार थंड होता. ती ओळीत टोकाला बसली होती. मी मागे, भिंतीला लागलेल्या बाकावर, पाचसहा पावलांवर. सगळ्यांच्या कानांवर मफ होते, माझ्याही. मी खाली पाहत होते. फोनवर कामाच्या जागेचा निरोप आला होता, उगवणीच्या खोलीचा हीटर बंद पडल्याचा, आणि मी उत्तर लिहीत होते. ठप्प, ठप्प असं चाललं होतं. मग मी वर पाहिलं. का पाहिलं ते मला माहीत नाही. तिचा उजवा हात बोल्टच्या दांड्यापासून उडाल्यासारखा वर उचलला होता, बोटं पसरलेली, आणि ती मागे वळून माझ्याकडे बघत होती. नळी मात्र तिने समोरच ठेवली होती. तेवढं शिक्षण पक्कं आहे तिचं.

म्हातारे तिच्याजवळ आले. "काय झालं?" "अडकली," ती म्हणाली, पण माझ्याकडेच बघत. त्यांनी सगळ्यांना थांबवलं, मॅगझिन काढलं, बोल्ट उघडा केला, नळीत मागून सळई घातली. सळई अर्ध्यावर थांबली. त्यांनी ती बाहेर काढली, टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून बसले. शिशाची गोळी नळीच्या मध्ये बसून होती. "तू खेचणार होतीस?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "हो. धरला होता मी." तिचा गाल दांड्यापासून वीतभरही लांब नसतो, आई. मी तिथे उभं राहून ते अंतर पाहिलं.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "यू स्क्रीम्ड अॅट मी."

मी चावी लावली.

"राइट इन माय इअर. विथ द मफ्स ऑन. 'हात काढ.'" हे दोन शब्द तिने मराठीत म्हटले. 'काढ'मधला ढ तिला जमत नाही, कधीच जमला नाही, पण तेव्हा जमला. मी तिला हे शब्द कधी बोललेले नाही. तिच्याशी मी 'डोन्ट टच' म्हणत आले आहे, लहानपणापासून. या घरात ते तसंच आहे. मी विचारलं, कुठल्या कानात? ती वैतागली. "डावा, आई. व्हॉट डझ इट मॅटर? हाऊ डिड यू नो?" आणि मग तीच रडायला लागली, मोठ्याने, जशी सायकलवरून पडल्यावर रडायची. मी गाडी बंद केली आणि तिला धरलं. काचेबाहेर धुकं होतं आणि क्लबाचं दार वाऱ्याने थोडं उघडत होतं, मिटत होतं. मी तिकडे पाहायचं टाळलं.

पुढच्या भेटीत मी म्हाताऱ्यांना विचारलं की त्या दिवशी मी फार मोठ्याने ओरडले का. ते म्हणाले, त्यांनी काही ऐकलं नाही. त्यांना फक्त मुलीचा हात दिसला. "पण माझ्या कानांचं काय घेऊन बसलात," ते म्हणाले. त्या रविवारनंतर क्लबाने मंद गोळ्यांचा तो खोका परत पाठवून दुसऱ्या बनावटीच्या आणल्या, आणि रायफल अडली की हात वर करून म्हाताऱ्यांची वाट पाहायची असा नियम केला. नात तो नियम नव्या मुलांना स्वतः शिकवते. "अडलेली वेगळी आणि गिळलेली वेगळी," हे मी तिला सांगितलं, ते ती डचमध्ये सांगते. डचमध्येही बरं वाटतं.

परवा ती माझ्याशेजारी बाकावर बसली होती, दुसरी मुलगी मारत होती. तिने फळीवर हात ठेवला, तळवा टेकवून. मी तिला तुझं सांगितलेलं होतं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "ओ. देअर. टू नॉक्स." डोळे मिटलेले होते तिचे. पुढच्या गोळीला तिने भुवई आखडली आणि म्हणाली, "दॅट वन वॉज हाफ." आणि खरंच, त्या मुलीने हात वर केला होता, पुंगळी चिमटली म्हणून. मग तिने डोळे उघडून मला विचारलं, "धिस इज हाऊ यू न्यू, ना? दॅट डे?"

माझाही हात फळीवर होता. मला लाकूड लागत होतं, थंड. दुसरं काही नाही. इतके रविवार मी तो तसा ठेवून पाहिला आहे.

हे पत्र मी कुठे टाकणार. नवऱ्याला वाचून दाखवलं तर तो म्हणेल की तू ओरडलीस आणि विसरलीस, घाबरलेली माणसं विसरतात. असेलही. पण तुला खरं सांगते, आई, त्या दिवशी मी फोनकडे बघत होते आणि माझं तोंड मिटलेलं होतं. आणि परवा तिने विचारलं तेव्हा मी हो म्हटलं.