सोड म्हटलं की सोडायचं

तारापूर,
१२ नोव्हेंबर १९६७

ती. भगवंतदादास,
नमूचा नमस्कार. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. अप्पांना प्लँटच्या बांधकामावर हल्ली जादा काम असतं. आईला इथलं मचूळ पाणी अजून मानवत नाही, रोज नगरच्या आडाची आठवण काढते.

आनंदाची बातमी म्हणजे पालघरची मॅच आम्ही जिंकलो! एका गुणाने. शेवटच्या मिनिटाला हंसाच्या हातून चेंडू सुटला, तो मी उचलला आणि बास्केट केली. सरांनी सगळ्यांना भजी खाऊ घातली. हंसा म्हणजे नवापूरची, मागच्या पत्रात लिहिलं होतं तीच. तिची शाळा दुसरी, मॅच त्यांच्याशीच होती, पण रोज संध्याकाळी आमच्या कॉलनीच्या मैदानावर आम्ही दोघी एकत्र खेळायचो.

'खेळायचो' असं लिहून गेले बघ.

दादा, चेंडू आपोआप सुटला नाही. दिवाळीत मी तिच्या घरी गेले होते. तिथे होडी वाळूवर ओढताना बायापोरीही दोराला असतात. हंसाचे बाबा पुढून "सोऽड!" म्हणाले की सगळे एकदम हात सोडतात. मी विचारलं, का सोडायचं ते बघायचं नाही? ती हसली. "बगत बसलीस तं दोर हात सोलल. बाबा सोड बोलला, की सोडायचा. आमी इचारत नाय."

मॅचमध्ये आम्ही एका गुणाने मागे होतो. चेंडू तिच्याकडे, मी तिच्या पाठीमागे. मी तिच्या बाबांच्या सुरात ओरडले, "सोऽड!" तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. दोन्ही हात उघडले.

पंचांनी नियमांचं पुस्तक चाळलं. म्हणाले, ओरडायला बंदी नाही. सर म्हणाले, डोकं चालवलंस! आणि दादा, एकीकडे बघून दुसरीकडे पास द्यायला तूच तर मला शिकवलंस. मग तो खेळ आणि हे काय? माझं मलाच कळेना. एरवी हुलकावणी दिली की मला हसू फुटतं. या वेळी हसू आलं नाही, अजूनही येत नाही.

काल नवापूरला गेले. माफी मागायची की नाही, तेही ठरलं नव्हतं. होडी वर घेत होते. तिचे बाबा ओरडले, "सोऽड!" सगळ्यांनी सोडलं. हंसाने आधी मान वळवून पाहिलं, कोण बोललं ते. तेवढ्यात दोराने तिचा तळहात सोलून काढला.

"कान फुटले काय गं तुजे?" बाबा धावले.

तिने मला पाहिलं होतं. तरी म्हणाली, "काय नाय बाबा. माजाच चुकला."

मी तशीच परत फिरले.

ठाण्याच्या मॅचआधी ही युक्ती सगळ्या मुलींना शिकव, असं सर म्हणतात. दादा, तुला सगळे नियम पाठ आहेत. मी काय करू, ते लवकर लिही.

तुझी, मॅच जिंकलेली,
नमू