फौजीची तिरडी

आबा, परवा आमच्या शेजारच्या आजोबांना चक्कर आली आणि त्यांना स्ट्रेचरवरून जिन्याने खाली न्यावं लागलं. दवाखान्याची पोरं त्यांना पाय पुढं करून नेऊ लागली, तशी त्यांची बायको दारातच आडवी आली. पोरं वैतागली. मग मीच पुढं होऊन तिला समजावलं, की डोकं मागच्या माणसाकडं असलं म्हणजे त्याला चेहरा दिसतो, श्वास कळतो, आणि उतारावर डोकं वर राहतं. बोलता बोलता जाणवलं, की मी तुमचंच बोलणं बोलतेय, लहानपणी ऐकून ऐकून पाठ झालेलं. तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय.

तुम्ही लढाईवरून परत आलात तेव्हा मी आईच्या कडेवर होते म्हणे. कळायला लागलं तेव्हा तुम्ही आधी वाडीचे फौजी होतात आणि मग माझे वडील. झऱ्यावरचा गाळ काढायचा, पावसाआधी सडकेकडे उतरणारी पाऊलवाट नीट करायची, शाळेतल्या पोरांना रांगेत उभं करून देवीची लस टोचून घ्यायची, सगळं तुमच्या शिट्टीवर चालायचं. शिट्टी वाजली की बायका ‘आलं सरकार’ म्हणून हसायच्या आणि तरीही हातातलं काम टाकून यायच्या. घरात मात्र तुमचं राज्य चुलीपाशी संपत होतं. पलटणीतून आणलेल्या मगात तुम्हाला उकळता चहा लागायचा. गावाची कामं करून तुम्ही उशिरा यायचात, आई तो दुसऱ्यांदा तापवायला साफ नकार द्यायची, आणि मोठ्या लढाईतून आलेला माणूस मुकाट्याने कोमट चहा प्यायचा. मला त्याची फार गंमत वाटायची.

लढाईत तुमच्या हातात बंदुकीपेक्षा स्ट्रेचरची दांडी जास्त असायची. आपल्याकडे आजारी माणसाला घोंगडीच्या झोळीत घालून, एका बांबूवर टांगून डोंगर उतरवायचे. आत माणूस मुटकुळं होऊन पडायचा. ते तुम्हाला बघवेना. तुम्ही दोन बांबू तासले, आईने दाभणाने त्यांना किंतानाचं जाड कापड शिवलं आणि ती वस्तू देवळाच्या ओसरीत ठेवली. एका म्हाताऱ्याने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, “फौजी, ही तर तिरडी हाय.” झालं, तेच नाव पडलं. त्यात तुमचा आग्रह, की माणसाला पाय पुढं करूनच न्यायचं. लोक हादरलेच. पाय पुढं करून घराबाहेर कोण जातं हे सगळ्यांना माहीत होतं. कुणी आजारी पडलं आणि तुम्ही दिसलात की लोक दाराला कडी लावायचे. ते मोडून काढलं आईने. पाणवठ्यावर, लावणीच्या चिखलात, जिथं चार बायका भेटतील तिथं ती तुमची वकिली करायची. फौजीच्या तिरडीवर गेलेला एकजण चालत परत आला, मग दुसरा आला, आणि हळूहळू माणसं तुम्हाला बोलवायला यायला लागली.

आणि मग आई पडली. पावसाच्या तोंडाशी छप्पर शाकारत होतात तुम्ही, ती शिडीवरून गवताच्या पेंढ्या वर देत होती. शिडी सरकली आणि तिचं डोकं उंबऱ्याच्या दगडावर आपटलं. रक्त फारसं नव्हतं. पण तिला उलटी झाली आणि ती झोप येते म्हणू लागली, तसा तुमचा चेहराच उतरला. ही झोप चांगली नाही, हिला झोपू द्यायची नाही, एवढंच तुम्ही म्हणालात. वाडी गोळा झाली. तिला स्ट्रेचरवर ठेवलं, गड्यांनी दांड्या धरल्या, आणि आईने तुमचा हात पकडला.

“पाय पुढं करून नगा नेऊ मला. मला परत यायचं हाय.”

अख्खी वाडी तुमच्याकडे बघत होती. इतकी वर्षं लोकांना जे पटवलं, ते तुमच्याच बायकोने सगळ्यांसमोर नाकारलं होतं. तुम्ही हुकूम सोडाल असं मला वाटलं. तुम्ही वाद घातला नाहीत. गड्यांना स्ट्रेचर फिरवायला सांगितलंत, डोक्याकडच्या दांड्या स्वतः घेतल्यात आणि तिच्याकडे तोंड करून उभे राहिलात. “मला हिचं तोंड दिसाय पायजे,” म्हणालात. आणि ती सगळी उतरण तुम्ही उलट्या पावलांनी उतरलात, तिचं डोकं खाली जाऊ नये म्हणून दांड्या छातीशी उचलून धरून. एकजण तुमच्या पाठीला हात लावून दगड आला, वळण आलं, असं सांगत होता.

मी गाठोडं घेऊन मागून येत होते. बापाच्या तोंडाकडं टक लावून बघायची तेव्हा रीत नव्हती. त्या दिवशी तुमचं तोंड सारा वेळ आमच्याकडेच होतं. तुम्ही भ्यालेले होतात, आबा. ते मला स्वच्छ दिसत होतं.

अर्ध्या वाटेत आईचे डोळे मिटायला लागले. तुम्ही नेहमीसारखं ‘अगं’ म्हणून बघितलं. मग तिचं नाव घेतलंत, जे तुम्ही चारचौघांत कधीच घेतलं नव्हतं. गड्यांनी माना खाली घातल्या. आई हलली नाही. तेव्हा तुम्ही तिसरीच हाक मारलीत, मी कधी न ऐकलेल्या नावाने. वाटेत दुसरी कुणी बाई भेटली की काय म्हणून मी वळून मागं पाहिलं. आणि आईने डोळे उघडले आणि ‘ओ’ म्हणाली, थोरल्यांनी हाक मारल्यावर लहान पोरीने म्हणावं तसं. मग सडकेपर्यंत तेच चाललं. तुम्ही हाक मारायची, तिने ओ द्यायची. खाली कोळशाचा ट्रक उभा होता, त्यातून तिला पौडला दवाखान्यात नेलं.

ते तिचं माहेरचं नाव होतं. लग्नात ते बदललं आणि कुणी पुन्हा उच्चारलं नव्हतं. तुम्ही ते तिला बघायला गेलात तेव्हा ऐकलं असणार, आणि इतकी वर्षं जपून ठेवलंत. आई बरी होऊन डोंगर स्वतःच्या पायांनी चढून आली, तुमचा चहा पुन्हा थंड होऊ लागला, आणि ते नाव तुम्ही परत काही घेतलं नाहीत. पण पुढं कुणालाही उचलायच्या आधी तुम्ही दोन गोष्टी विचारायला लागलात. कसं नेऊ, आणि घरी तुला काय म्हणतात. बहुतेकजण म्हणायचे, “तुमी म्हनाल तसं न्या.” तुम्ही इतकं समजावून सांगत होतात तेव्हा हे कुणी म्हणालं नव्हतं.

माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी तुम्ही गेलात. आई मागं पुष्कळ जगली. लग्नात माझंही नाव बदललं. तुम्ही ठेवलेल्या नावाने आई शेवटपर्यंत हाक मारायची, ती गेली आणि ते नाव घेणारं कुणी उरलं नाही. आता इथवर लिहून सवयीने खाली सासरचं नाव लिहिलं आणि मग लक्षात आलं, की ही बाई तर तुम्हाला माहीतच नाही. ते खोडलं. तुम्ही ठेवलेलं लिहायला घेतलं आणि हात थांबला. पत्र तसंच टेबलावर पडलंय, खाली नाव नसलेलं. खरं सांगू का आबा, ते नाव मला लिहायचंच नव्हतं. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.