'हार्टवेल'ची दुरुस्ती

पुणे, २० एप्रिल २०११

चि. सौ. चैत्रालीस अनेक उत्तम आशीर्वाद.

भूकंपाला सव्वा महिना झाला, तरी सकाळी पेपरात आधी जपानचीच बातमी शोधतो. छोटी तन्वी आता शांत झोपते हे वाचून बरं वाटलं.

एक काम आहे. दिवाळीत तुम्हाला दिलेल्या माझ्या 'हार्टवेल' जहाजाचा फोटो पाठव. आमच्या मॉडेलवाल्या म्हाताऱ्यांचं जूनमध्ये प्रदर्शन आहे. फोटोखाली लावायला मूळ जहाजाची कारकीर्द लिहितोय: १६५४ साली इंग्लंडात पाण्यात उतरलं, पन्नास तोफा, डचांशी दोन युद्धं, एकदा तर निम्मी माणसं गमावून परतलं. अडीच वर्षं खपलो त्या मॉडेलवर. पियुषला फोनवर दोनदा विचारलं, तर ठीक आहे म्हणाला आणि हवापाण्यावर घसरला. तुझा नवरा लहानपणापासून असाच, म्हणून तुला लिहितोय.

माया आहेच, ती अशीच राहू दे.

बाबा

ग्योतोकु, जपान, ४ मे २०११

ती. बाबांस चैत्रालीचा शि. सा. न. वि. वि.

फोटो पाठवत नाही, कारण जहाज मोडलंय. भूकंपात कपाट आडवं झालं. पियुष ऑफिसात होता, मी तन्वीला घेऊन टेबलाखाली. बाबांना सोसणार नाही, कळवायचं नाही, असं नंतर तो म्हणाला. पण पुढचं त्यालाही ठाऊक नाही. ते तुकडे मी कचऱ्यात टाकले. घरभर काचा होत्या, धक्के थांबत नव्हते, मला सगळं नुसतं घराबाहेर काढायचं होतं. इथे प्रत्येक प्रकारचा कचरा ठरलेल्या दिवशीच नेतात; जळाऊ कचऱ्याच्या दिवशी पिशवी खाली ठेवून आले. संध्याकाळी पिशवी तिथेच, वर चिठ्ठी चिकटवलेली: आत धातू आहे, वेगळा करा. तुमच्या पितळी तोफा. शेजारच्या होरिएसान म्हणाल्या, चला, मी मदत करते. एकेक तोफ सोडवायला बसलो, तर प्रत्येकीच्या पोटाखाली तुम्ही कोरलेला बारीक आकडा. जिथे कुणी कधी बघणार नाही तिथे. बाबा, मला फार लाज वाटली.

तेव्हापासून तन्वी बालवाडीत गेली की मी तुकडे चिकटवत बसते. तळ जमलाय. दोन डोलकाठ्या नव्या लाकडाच्या कराव्या लागल्या, आणि दोर मला कळत नाहीत. रागवा, पण अबोला धरू नका.

तुमची लाडकी राहू इच्छिणारी,
चैत्राली

पुणे, १७ मे २०११

चि. सौ. चैत्रालीस आशीर्वाद.

पत्र वाचून राग आला, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी फिरायलाही गेलो नाही.

मग कारकीर्दीची वही पुढे ओढली. १६९१ साली 'हार्टवेल' गोदीत घेऊन पार सुटं केलं, सडकं लाकूड फेकलं, नवं घातलं. आरमाराच्या दप्तरात मात्र तेच जहाज, तेच नाव. तेव्हा डोलकाठ्यांचा संकोच नको. आहे तसा फोटो पाठव, त्याखाली 'दुरुस्ती: ग्योतोकु, २०११' असं लिहितो. मंडळातला शिरीष भुवया उंचावेल, उंचावू दे. तन्वीला सोडून जहाजाकडे धावली असतीस, तर मात्र खरंच अबोला धरला असता.

आता माझंही एक ऐक. गेल्या वर्षापासून माझा उजवा हात थरथरतो. पियुषला सांगितलेलं नाही. 'हार्टवेल' माझं शेवटचं जहाज, हे तुम्हाला देताना मला माहीत होतं. नवं आता होणे नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

ऑक्टोबरात येतोय. तोवर दोरांना हात लावू नकोस. मी शेजारी बसून सांगेन, गाठी तू मार.

भेटीपर्यंत माया असू दे.

बाबा