नूरबी खालाकडून मिळालेल्याची वाटणी

मी, श्रीमती चंदा श्रीहरी दोनाडकर, वय वर्षे एकाहत्तर, धंदा बांगड्यांचा, राहणार वडसा (देसाईगंज), जिल्हा गडचिरोली, आज माझ्या दुकानामागच्या खोलीत बसून हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी अक्कल ठिकाणावर आहे. मला कोणी धमकावलेलं नाही, फूस लावलेली नाही, काही खाऊ-पिऊ घालून सही मागितलेली नाही. मरणाची घाईही नाही. गुडघे सोडले तर बाकी सगळं चांगलं चाललं आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी तसा कागद दाखवला तर तो खोटा समजावा आणि दाखवणाऱ्याला चहा पाजून परत पाठवावं.

वकील करिष्माताई म्हणतात, मिळकत कुठून आली ते आधी स्पष्ट लिहा, म्हणजे पुढे भांडण होत नाही. म्हणून तेच आधी लिहिते.

कलम १. मिळकतीचं मूळ. माझं लग्न आरमोरीच्या अलीकडच्या एका गावात, शेतकरी घरात झालं. लग्नाला चार वर्षं होत नाहीत तो धान निसवायच्या दिवसांत माझे पती श्रीहरी हिवतापानं गेले. माझ्या बांगड्या फुटल्या आणि मी गोठ्याला लागून असलेल्या खोलीत राहू लागले. मला कोणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. फक्त माझ्याकडे बघायचं सगळ्यांनी सोडून दिलं. घर चालवायचे माझे थोरले दीर धनराज. आमच्याकडे थोरल्या दिराला भासरे म्हणतात, आणि भासऱ्यांशी बाईनं तोंडासमोर बोलायचं नाही अशी रीत. त्यामुळे माझं गाऱ्हाणं माझ्याजवळच राहायचं.

पुढच्या पोळ्याच्या आधी वडशाची नूरबी खाला डोक्यावर टोपली घेऊन गावात आली. ती दरसाल यायची. साऱ्या बायका अंगणात हात पुढे करून बसल्या. मी गोठ्यात शेण काढत होते. काम उरकल्यावर ती पाणी मागायच्या निमित्तानं माझ्याकडे आली, पाणी प्याली आणि म्हणाली, "हात दाखव."

"मले नाई भरत बांगड्या, खाला."

"भरून कोन राह्यलं? दाखव त."

तिनं माझा पंजा हातात घेऊन दाबला. "अवो, किती घट्ट ठेवलास! कोनाले मारायचं हाय का?"

मला हसू आलं. वर्षभरात पहिल्यांदा आलं, म्हणून मलाच नवल वाटलं.

ती म्हणाली, "बेटी, हात असा आवळून ठेवला त बांगडीबी फुटते अन् हातबी कापते. ढिला सोडला का रस्ता आपोआप होते. माझ्या अब्बाचे मुर्शिद, म्हंजे गुरू, हेच सांगत. ते बांगड्यायचं नोते सांगत, पन मले बांगड्याच समजतात."

मग म्हणाली, टोपली आता मानेला झेपत नाही, उचलायला माणूस पाहिजे, रोजी देईन. मी जावेला सांगून तिच्यासोबत निघाले. भासऱ्यांनी अडवलं नाही. ओसरीवर बसून त्यांनी तोंड दुसरीकडे केलं, एवढंच.

वडशाचं हे घर, दुकान, पोस्टातली शिल्लक, सगळं त्या टोपलीतून आलेलं आहे. यात माझ्या माहेरचं किंवा सासरचं काहीही नाही.

कलम २. दुकान, त्याला लागून असलेलं घर, दुकानातला माल, काचेची कपाटं आणि गिऱ्हाईक हे सगळं प्रिया सुनिल उसेंडी हिला द्यावं. प्रिया धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावची. कॉलेजसाठी माझ्याकडे भाड्यानं राहायला आली आणि आता दुकान तीच चालवते, मी फक्त बसून सल्ले देते. खालाची टोपलीही तिलाच. तिनं ती अटाळ्यावर टाकू नये.

टोपलीबद्दल एक गोष्ट लिहिते. कुरखेड्याच्या बाजारात एकदा उधळलेल्या बैलानं ती लाथाडली आणि दिवाळीचा सगळा माल रस्त्यावर सांडून फुटला. मी तिथेच रडायला बसले. खाला काचांच्या मधोमध उभी राहून हसत होती.

"रडतेस काऊन? काच हाय, फुटनारच. फुटत नसती त आपल्याले कोन विचारलं असतं? एकदा भरल्या का जन्मभर सुट्टी!"

मग तिनं आजूबाजूच्या बायकांकडून झाडू मागून आणला, कोणाच्या पायात काच जाऊ नये म्हणून सगळा रस्ता झाडला, आणि बैलाच्या मालकाला बोलावून विचारलं, बैलाले लागलं त नाई? तो माणूस भांडायच्या तयारीनं आला होता. शेवटी त्यानंच आम्हाला बैलगाडीत बसवून वडशाला आणून सोडलं. मी मालासाठी हळहळत होते आणि खाला त्याला बैलाचं नाव विचारत होती.

प्रियानं हेही ध्यानात ठेवावं की नाटकाचा हंगाम सुरू झाला की झाडीपट्टीच्या कंपन्यांच्या नट्या आपल्याच दुकानात येतात. जिचं काम विधवेचं असेल तिला चटकन फुटणाऱ्या बांगड्या लागतात, कारण प्रत्येक प्रयोगात तिला त्या फोडाव्या लागतात. तिच्याकडून पूर्ण भाव घेऊ नये. खालाला या बायकांचं फार कौतुक. म्हणायची, "बघ, स्टेजवर फोडते अन् खाली उतरली का चहा पिता पिता पुन्हा भरते. आपन फोडतो त जनमभर फुटलेल्याच ठेवतो."

कलम ३. नदीकडच्या वाटेवर एक छोटा दर्गा आहे. खाला दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, तिथे झाडायची आणि दिवा लावायची. ती गेल्यापासून मी लावते. माझ्या पोस्टातल्या शिल्लकेचं व्याज तेल आणि झाडू यांसाठी वापरावं. दिवा कोणी लावावा याची सक्ती नाही, ज्याला वाटेल त्यानं लावावा. कॉलेजातल्या एका पोरानं खालाला विचारलं होतं, "आजी, दिवा लावून काय भेटते?" ती म्हणाली, "उजेड." ती आणखी काही सांगेल म्हणून तो थांबला. ती दुसरी वात वळायला लागली होती.

बांगडी चढवताना ती दर बांगडीला ओठातल्या ओठात अल्लाचं नाव घ्यायची. मी विचारलं, मी काय म्हणू? म्हणाली, "तुझ्या देवाचं घे. बांगडीले फरक नाई पडत. पन घे जरूर, नाईत ध्यान मालाच्या भावाकडं जाते." मी विठ्ठल म्हणू लागले. एका टोपलीवर दोन्ही नावं चालली आणि आमचं कधी अडलं नाही.

कलम ४. श्रीहरींच्या वाट्याची धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं शेत. ही उर्वशीला द्यावी. उर्वशी ही भासऱ्यांची मुलगी, माझी पुतणी, सध्या माजरीला असते. बांधी मला सहजी मिळाली नाही. भासऱ्यांनी ती आपल्याकडेच ठेवली होती. मी दात-ओठ खात होते, कोर्टात खेचते म्हणत होते. खाला म्हणाली, "हक्क जरूर मांग. सोडू नको. पन जळून नको मांगू. तू जळशील, जमीन तशीच राहील." मी तहसिलात अर्ज केला आणि दर तारखेला डबा घेऊन गेले. पुढे माझ्या नावावर झाली. त्यानंतर भासऱ्यांचं घर मला बंदच झालं.

उर्वशीलाच का, त्याचं कारण तिच्या लग्नात घडलं. चुडा भरायचं निमंत्रण खालाला आलं. मी जाणार नाही म्हणाले. ती म्हणाली, "टोपली कोन उचलनार?" आणि चालू लागली. काय करता, मी टोपली उचलली.

मांडवात बायका जमल्या होत्या. उर्वशी पाटावर बसली. खालानं हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "माझी बोटं आज दुखून राह्यली. चंदा भरते."

भासरे ओसरीवरून खाली आले. माझ्याकडे न बघता खालाला म्हणाले, "विधवेच्या हातानं माझ्या पोरीचा चुडा भरायचा नाई."

"मंग माझ्याबी हातानं नाई भरता येत, धनराज भाऊ," खाला म्हणाली. "माझा मानूस हिच्या मानसाच्या कितीतरी आधी गेला. तुझ्या बायकोचा चुडा मीच भरला होता, तवा त्याले जाऊन साल उलटलं होतं. तू आतापर्यंत ओसरीवर बसून पान खात होतास ना? मंग तुले काय झालं?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. तिच्या हातात कोपरापर्यंत बांगड्या. आपण कोणाच्या हातानं सौभाग्य भरून घेतो हे इतक्या वर्षांत त्या गावात कोणी विचारलंच नव्हतं. बायका एकमेकींच्या आणि मग आपापल्या हातांकडे बघू लागल्या. एक म्हातारी फिसकन हसली. तिचं पाहून दुसरी हसली.

तेवढ्यात उर्वशीनं दोन्ही हात माझ्यापुढे केले. "भर काकू. मुहूर्त जाऊन राह्यला."

मी तिचा पंजा आवळून धरला. खाला कानाशी येऊन म्हणाली, "पोरीचा नाई, तुझा हात ढिला सोड."

मी भरू लागले. तिसरी का चौथी बांगडी कडकन फुटली. उर्वशी म्हणाली, "फुटू दे, टोपलीभर हायत," आणि पुन्हा हात पुढे केला. चुडा पूर्ण झाला. मग त्या पोरीनं टोपलीतून हिरव्या बांगड्या उचलल्या, माझा हात ओढला आणि सगळ्यांच्या समोर मला भरल्या. तिला भरता येत नव्हत्या, फार दुखलं. मी हात सोडवून घेतला नाही.

तिचा नवरा अजून ठणठणीत आहे आणि ती सांगते की घोरतो. ज्यांना शंका असेल त्यांनी माजरीला जाऊन ऐकावं.

कलम ५. माझे अंत्यसंस्कार. वैनगंगेवर करावेत. नंतरचं जेवण भाताचंच असावं, बुंदी नको. माझ्या हातातल्या बांगड्या कोणी फोडू नयेत. खाला गेली तेव्हा मी तिच्याजवळ होते. आजारानं हात इतके वाळले होते की दुपारी मी तिला पाणी पाजायला उठवलं, तर बांगड्या आपोआप घसरून चादरीवर पडल्या. ती बघून हसली. "बघ, काढाव्याबी लागल्या नाईत." त्या दिवशी संध्याकाळी ती गेली. मी फार रडले. रडून झाल्यावर तिचं अंगण झाडलं, कारण दुसरं काय करायचं ते मला समजलं नाही. माझ्या वेळी ज्याला रडावंसं वाटेल त्यानं रडावं आणि नंतर पोटभर जेवावं.

कलम ६. बांधावरचं मोहाचं झाड. हे कलम दोनदा लिहावं लागलं. बांध माझ्या आणि भासऱ्यांच्या शेताच्या मध्ये आहे. दर चैतात त्या झाडाच्या फुलांवरून आमचं भांडण होई. बोलायचं नाही ही रीत, म्हणून भांडणही जाऊबाईंमार्फत. त्यांनी निरोप नेऊन-आणून दोन्ही बाजूंच्या शिव्या गाळून टाकल्या असणार, नाहीतर प्रकरण एवढ्यावर थांबलं नसतं. जाऊबाई आता नाहीत. मी पहिल्यांदा लिहिलं होतं की हे झाड, फुलांसकट आणि टोळीसकट, म्हणजे तेलाच्या बियांसकट, श्री. धनराज यांना द्यावं. जुनं वैर आता मला वागवायचं नाही.

उर्वशी आज वडिलांना घेऊन आली आहे. ते ब्याऐंशी वर्षांचे आहेत, काठी लागते. हे कलम करिष्माताईंनी त्यांना वाचून दाखवलं. ते दाराबाहेर खुर्चीवर बसले होते. तिथूनच त्यांनी विचारलं, "सह्या कोन करून राह्यलं?"

करिष्माताई म्हणाल्या, "दोन साक्षीदार लागतात, आजोबा. पण ज्याला काही मिळणार त्यानं साक्षीदार होऊ नये. पुढे लोक शंका काढतात."

"मंग झाड काढून टाका. मले साक्षीदार करा."

"साक्षीदार जरा कमी वयाचा बरा असतो."

"मी हिच्या आधी जात नाई," ते म्हणाले.

मग ते काठी टेकत उंबऱ्यापर्यंत आले. माझ्या लग्नाला बावन्न वर्षं झाली, एवढ्या काळात त्यांनी मला नावानं हाक मारली नव्हती.

"चंदा," ते म्हणाले, "श्रीहरी गेल्यावर मी तुझ्या बाजूनं कधी कुठी उभा नाई राह्यलो. एक डाव उभा राहू दे."

रीत मलाही माहीत आहे. मी डोक्यावरचा पदर थोडा पुढे घेतला आणि त्यांना म्हटलं, "या भासरेजी, आत बसा. खुर्ची इथी हाय."

म्हणून झाडाचं कलम असं बदललं: मोहाचं झाड कोणालाही दिलेलं नाही. सकाळी जो आधी पोचेल त्याची फुलं.

कलम ७. वर न लिहिलेलं काही सापडलं तर ते उर्वशीनं ठरवावं. मृत्युपत्राचा अंमल तिनंच करावा. हे मृत्युपत्र मला वाचून दाखवलं, मी ते समजून घेतलं, आणि साक्षीदारांच्या देखत सही केली.

ठिकाण: वडसा (देसाईगंज)
वार गुरुवार, दिनांक १२ डिसेंबर २०२४

सही: चंदा श्रीहरी दोनाडकर

साक्षीदार पहिले: अजय मुखरू राऊत, बाजूचे सायकल दुकानदार. यांना मी काही ठेवलेलं नाही आणि यांनी मागितलेलंही नाही. सही केली.

साक्षीदार दुसरे: धनराज दोनाडकर, शेतकरी. त्यांनी सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं ते जसंच्या तसं ठेवलं आहे:

"ही चंदा. माझ्या लहान भावाची बायको, आमच्या घरची. हिनं माझ्या डोळ्यादेखत सही केली. शुद्धीवर हाय. चहा मांडून राह्यली."