शंभर तासांचे कपॅसिटर

३ फेब्रुवारी, मंगळवार
घरी बनवतोय त्या स्पीकरसाठी चोवीस कपॅसिटर आणले; उंच, बारीक सूर खोक्यातल्या छोट्या स्पीकरकडे तेच पाठवतात. सगळ्यांवर ४.७ छापलंय. मीटर लावला तर एकाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला. डाव्या-उजव्या स्पीकरला तंतोतंत सारखे हवेत. तीन तास मोजून जोडी जमवली. पार्टवाला म्हणाला, फरक कानाला कळत नाही. त्याच्या कानाला नसेल.
संकल्प: रविवारी मेहुण्याला ऐकवणे. तो रेडिओवर साउंड इंजिनिअर आहे. एकदा तरी गप्प बसला पाहिजे.

४ फेब्रुवारी, सकाळी ७
काल रात्री नऊला जोडणी करून खोकी बंद केली आणि गाणी सुरू केली. तेव्हापासून शंभर तास सलग वाजवायचे. नव्या चपलेसारखंच, वापरल्याशिवाय सैल होत नाहीत. आवाज दबका. अपेक्षितच.

५ फेब्रुवारी
शेहेचाळीस तास. उंच सूर खुलतायत! फक्त मलाच जाणवतंय, पण तयारीचा कान एकाच घरात दोघांना कसा असणार?
संध्याकाळी बायकोने स्वतःचं रेकॉर्डिंग लावलं. पंधरा वर्षांनी गायली आहे, स्पर्धेसाठी. पाठवायची मुदत शनिवार. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला. म्हणाली, माझा आवाज गोधडीतून आल्यासारखा कधीपासून झाला? मी म्हटलं, चांगले स्पीकर खोटं बोलत नाहीत.
स्पष्टवक्तेपणा हा माझा दोषच आहे.

६ फेब्रुवारी
सत्तर तास. तिचा रियाज बंद. दोनदा डोळे पुसताना दिसली. कांदा असावा. चिरलेला कांदा मात्र कुठे दिसला नाही.

७ फेब्रुवारी, संध्याकाळ
आज मुदत संपते. पाठवलंस का, विचारलं. म्हणाली, त्याची काळजी तुम्ही करू नका. शंभरला सहा तास कमी पडतायत, मुदत वाढवून माग, असं सुचवलं. ती उठून शेजारणीकडे गेली. असं उठून जाणं बरं नव्हे.

८ फेब्रुवारी, रविवार
मेहुणा आला. मुद्दाम तिचंच गाणं लावलं. अर्ध्या मिनिटात तो उठला, बारीक सुरांच्या छोट्या स्पीकरला कान लावला. मग दुसऱ्या खोक्यातल्यालाही. म्हणाला, "दाजी, हे दोन्ही मुके आहेत."
खोकी उघडली. दोन्ही कपॅसिटरचा एकेक तारेचा पाय मोकळा. सोल्डर करून जोडायचाच राहिलेला. शंभर तास नुसते पडून होते.
त्याने पाच मिनिटांत जोडले. आणि आवाज आला. स्वच्छ, धारदार. तिचा. ती दारात उभी.
छातीवर दगड ठेवून म्हणालो, "दोष माझा. तुझ्या आवाजाला काही झालेलं नाही. माझ्यामुळे तुझी मुदत गेली."
"काल सकाळीच पाठवलं," ती म्हणाली. "शेजारणीच्या मोबाइलवर ऐकलं आणि पाठवलं. पण दोन दिवस मला वाटत होतं, आपला गळा संपला."
मेहुणा हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.