बोकोबाचा मुक्काम

३ नोव्हेंबर

—आणि हा ओरडतोय, "हळू! खड्डे बघ ना!" बघतच गाडी चालवत होते. ह्याच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला बोकोबा. सकाळपासून वाळूच्या ट्रेमध्ये बसून नुसता कुंथत होता. थेंब नाही.

पेट्रोल पंपावरच्या माणसाने जनावरांचा दवाखाना दाखवला. डॉक्टरीणबाई उंच, घाईतल्या. पोट चाचपून म्हणाल्या, "लघवी तुंबलीय. उद्यावर टाकलं असतं तर गेला असता." नळी घालणार. ठेवून घेणार.

"राहता कुठे?"

"ती काय, बाहेर उभी आहे," हा म्हणाला.

त्या खिडकीतून गाडीकडे बघत राहिल्या. हसल्या नाहीत.

४ नोव्हेंबर

दवाखान्यामागच्या मोकळ्या जागेत गाडी लावलीय. रिकामा ट्रे पायात येतो.

बोकोबा ह्या गाडीतलाच. एका मांजरीने मागच्या सीटखाली पिल्लं घातली, एकेक करून नेली, ह्याला विसरली. तेव्हापासून आम्ही तिघं. हा गावोगाव शिलाई मशिनं दुरुस्त करतो. एका गावातलं काम संपलं की पुढचं गाव. घर असं बोकोबाने पाहिलेलंच नाही. मी पाहिलंय, हीच अडचण!

दवाखाना झाडतात-पुसतात त्या मावशी म्हणाल्या, "वरची माझी खोली रिकामी आहे. बघून तर ये. बघायला काय जातंय?"

गेले. एक खिडकी, एक टेबल. हातात चहाचा कप होता. टेबलाच्या अगदी काठावर ठेवला आणि भिंतीपर्यंत चालत गेले. वळून पाहिलं. कप तिथेच.

गाडीत प्रत्येक कप आकड्याला टांगावा लागतो, नाहीतर पडतो.

ह्याला सांगितलं नाही.

५ नोव्हेंबर

नळी तशीच. बोकोबाने माझा हात हुंगला आणि तोंड फिरवलं.

६ नोव्हेंबर

सकाळी नळी काढली. आता लघवी आपली आपण झाली पाहिजे. होत नाही. वाळूवर ठेवलं की उतरतो. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जातो, पाय पोटाशी घेऊन घट्ट बसतो.

"पिशवी पुन्हा भरत आलीय," डॉक्टरीणबाई. "संध्याकाळपर्यंत नाही झाली तर परत नळी. मग कदाचित ऑपरेशन. वय झालंय त्याचं. भूल सोसेल की नाही, खात्री देत नाही."

पुढच्या गावच्या शिंप्याचा फोन आला. मशीन बंद पडलंय म्हणे. "येतो," हा म्हणाला. कधी, ते सांगितलं नाही.

६ नोव्हेंबर, संध्याकाळ

झाली!!

पिंजऱ्याशेजारी औषधांचा फ्रिज आहे. जुना. सारखा घरघरतो. मी पिंजऱ्याला पाठ टेकून बसले होते. पाठीला थरथर जाणवली — ओळखीची. आणि एकदम कळलं. गाडी चालू असताना बोकोबा ट्रेकडे फिरकत नाही. कितीही लांबचा पल्ला असो. इंजिन बंद होतं, हँडब्रेक करकरतो, मगच उठतो. इथे इंजिन बंदच झालेलं नव्हतं! त्याच्या लेखी आम्ही अजून रस्त्यातच होतो.

"मावशी, फ्रिज बंद करता जरा?"

"अगं बाई, लसी आहेत त्यात!"

"थोडाच वेळ."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. मावशींनी बटण दाबलं. खोली गप्प झाली. बोकोबाने कान हलवले. उठला. आळस दिला. वाळू उकरली.

"या साहेब," मावशी म्हणाल्या. "आला तुमचा मुक्काम!"

डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या.

गाडीत येऊन ह्याला सगळं सांगितलं, आवाज काढून, हातवारे करून. हा पोट धरून हसला. मग हसता हसताच थांबला.

"तूपण तशीच बसतेस."

"कशी?"

"पाय पोटाशी घेऊन. गाडी चालू असली की."

"काहीतरीच!" म्हटलं आणि चहा टाकायला उठले. वरच्या खोलीतल्या टेबलाचं अगदी तोंडावर आलं होतं. कप आकड्याला लावला, परत काढला, परत लावला.

७ नोव्हेंबर

बोकोबाला सोडलं. "भरपूर पाणी. आणि थंडीभर प्रवास नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एका जागी राहू दे त्याला."

थंडीभर!

दुपारी हा न सांगता मावशींबरोबर वर गेला. खाली आला तो खोलीची किल्ली घेऊन. "टेबल चांगलं आहे," एवढंच म्हणाला. म्हणजे दिसलं ह्याला! मी लगेच मनात खोली लावली. टेबलाशी ह्याची हत्यारं. खिडकीत बोकोबा. दोन कप, आकड्याशिवाय.

सामान वर न्यायला हा सगळ्यात पुढे. उशी नेली, ट्रे नेला, माझी पुस्तकं नेली. हत्यारांची पेटी गाडीतच. म्हटलं, जड आहे, उद्या नेईल.

८ नोव्हेंबर

सकाळी हा एकटाच पुढच्या गावी निघाला. "येतो," म्हणाला. कधी, ते सांगितलं नाही. गाडी कोपऱ्यावर वळली, मग आवाजही गेला. बोकोबा उठला आणि ट्रेमध्ये गेला. मी खिडकीत पाय पोटाशी घेऊन बसून राहिले.