बॉनेटवरचं स्वस्तिक

सावेडी, अहिल्यानगर
३ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. गोरक्षमामांस,
दिशाचा कृ. सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की भिंगारच्या रशीदचाचांच्या गाडीला कधी काही लागलेलं नाही. ते चुकीचं होतं, म्हणून लगेच दुसरं पत्र लिहिते आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मेसेजची अक्षरं तुम्हाला मुंगीएवढी दिसतात, तेव्हा चूक दुरुस्त करायला पोस्टाशिवाय मार्ग नाही.

काल मी पुन्हा गाडी बघून आले. कंपनीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी अंजुम, तिचे हे वडील. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर ते संध्याकाळचं चालवत नाहीत, म्हणून विकतायत. पहिल्या वेळी मी सगळं तपासलं होतं. टायरवर छापलेला, तो बनल्याचा आठवडा-वर्ष वाचला, चारही टायर एकाच वर्षाचे निघाले. क्लच हलका आहे. खड्ड्यातून नेली तर खालून खडखड येत नाही. कागदावर चाचाच पहिले मालक, आणि विम्याचा एकही क्लेम नाही. साध्यातल्या साध्या नव्या छोट्या गाडीला जेवढे पैसे पडतात तेवढ्यात ही सहा वर्षं वापरलेली सिडान येते. डिकी मोठी, मागे एसीची वेगळी झडप, सहा एअरबॅग. एवढ्यात एवढं मिळतंय म्हणूनच मला भीती वाटत होती.

काल ऊन तिरपं होतं. चंदेरी बॉनेटवर, रंगाच्या आत मुरल्यासारखं, एक पुसट स्वस्तिक दिसलं. हाताने पुसलं, जाईना. मामा, चाचांच्या घरात गाडीवर स्वस्तिक कोण काढणार? म्हणजे हे बॉनेट दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीचं. म्हणजे पहिलं बॉनेट कुठेतरी ठोकलं, भंगारातून हे आणून बसवलं, आणि विम्याला कळू दिलं नाही. कंपनीत माझं कामच हे आहे, आलेला पार्ट मोजायचा आणि शंका आली की पिवळं ‘होल्ड’चं लेबल लावायचं. चाचांना मी काही विचारलं नाही. त्यांनी मला दोनदा चहा दिला होता, तोंड उघडेना. आईला विचारून सांगते एवढंच म्हणून आले.

तुम्हाला ठाऊकच आहे हे सगळं कशासाठी चाललंय. गुडघ्यांच्या ऑपरेशनपासून आई जीपची पायरी चढू शकत नाही. मागे अण्णाकाकांनी पाथर्डीहून जीप पाठवली तेव्हा दोन पोरांनी तिला उचलून आत ठेवलं. त्यानंतर तिने शपथ घेतली आहे, की पोत्यासारखं उचलून कुठेच जायचं नाही, तुमच्या करणदादाच्या लग्नालासुद्धा नाही. आणि वर मलाच विचारते, की नवरदेवाला पहिली हळद आत्याने लावायची आपल्या घरची रीत, तर यंदा कोण लावणार. तुम्ही बावीस वर्षं फौजेत ट्रक चालवला. काय करू ते कळवा.

मामींना नमस्कार. माझ्यावरचा राग आणि लोभ दोन्ही थोडे थोडे राहू द्यावेत.

तुमची भाची,
दिशा

*

जामखेड
८ नोव्हेंबर २०२५

चि. दिशा हिस,
गोरक्षमामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमन म्हणाला म्हणे, की एका आठवड्यात दोन पत्रं फक्त कोर्टाची येतात. मला ऐकू आलं न्हाई, तुझ्या मामीनं हातवारे करून सांगितलं.

भाचे, तू शिकलीस त्याचं सोनं केलंस. तुझं म्हणणं सोळा आणे बरोबर. बॉनेट दुसऱ्या गाडीचंच. बॉनेट बदललेली गाडी म्हणजे दात बसवलेला बैल. दिसतो तरणा, पण दावणीला बांधल्यावर कळतं. सोडून दे. चाचा माणूस चांगला आसंल, पण गाडी इकताना चांगला माणूस बी जरा कमी चांगला होतो. मी माझी जुनी जीप इकली तेव्हा रेडिएटर गळतो हे कुठं बोललो होतो.

खात्री पायजे तर बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट बघ. एकदा काढलेल्या बोल्टवर पान्याचे ओरखडे राहतात, रंग निघतो. म्हणजे मामा काय बोलतो ते पटंल.

आणि खरं सांगू का, मला ही सिडानची जातच पटत न्हाई. आमच्या घरासमोर चर हाय, पुढं दोन गतिरोधक, ते बी कुणी तरी दुश्मनी काढल्यासारखे केलेले. तुझ्या गाडीचं पोट घासंल. उंच गाडी बघ. पण उंच बघितली की अक्का चढायची न्हाई, हे बी मला कळतंय. लहानपणी ती मला खांद्यावर घेऊन ओढा ओलांडायची, आता तिला पायरी चढवंना. करण रोज विचारतो, आत्या येणार का. मी त्याला ऐकू न आल्यासारखं करतो. बहिरं असण्याचा तेवढा फायदा.

मामीचे आशीर्वाद. जीव लावून काम कर, जीव टाकून नको.

तुझा,
गोरक्षमामा

*

सावेडी, अहिल्यानगर
१६ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. मामांस,
कृ. सा. न. वि. वि.

हे पत्र शांतपणे, बसून वाचा.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी अंजुमला सांगून टाकलं की आईला गाडी पसंत नाही. आईने गाडी बघितलेलीही नव्हती. अंजुम म्हणाली ठीक आहे, अब्बा हायवेवरच्या एका गाडीवाल्याला देतील, तो रविवारी न्यायला येणार आहे. एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी सावेडीत मला घ्यायला आली. मी तिच्या स्कूटीवर मागे बसले आणि नागापूरच्या कंपनीपर्यंत एक शब्द बोलू शकले नाही.

कंपनीच्या स्टँडला तिने स्कूटी लावली. हेल्मेट अडकवायला मी वाकले. ऊन तिरपं होतं. स्कूटीच्या पुढच्या पत्र्यावर तेच स्वस्तिक होतं, मामा. तेच, म्हणजे अगदी तेच. डावीकडची खालची रेघ बाकीच्यांपेक्षा लांब आणि टोकाला जरा वळलेली. चुका ओळखण्याचा मी पगार घेते, एका साच्यातून निघालेले दोन पार्ट मला कळतात. दोन वर्षं रोज त्या स्कूटीवर बसते आणि मी ते बघितलं नव्हतं.

मी तिथेच अंजुमला विचारलं. ती हसायला लागली, मग माझं तोंड बघून थांबली. तिच्या गल्लीत राहीबाई म्हणून आहेत, सत्तरीच्या पुढच्या. दर दसऱ्याला गल्लीतल्या झाडून सगळ्या गाड्यांची पूजा त्या करतात. गाडी कुणाची हे बघत नाहीत. ओली हळद, कुंकू, बोटाने स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. आणि त्यांचा हुकूम असा, की दिवस मावळेपर्यंत कुणी पुसायचं नाही. चाचा सहा दसरे बॉनेटकडे बघत ओट्यावर बसून राहिले. उन्हात ते रंगात मुरत गेलं, पण राहीबाई घरात जाईपर्यंत फडकं हातात घ्यायची त्यांची हिंमत झाली नाही.

मग मी अंजुमला सगळं सांगितलं. माझी शंका, तुमचं पत्र, आणि आईचं नाव घेऊन बोललेलं खोटं. ती चिडली. गाडीबद्दल नाही. शंका आली तर विचारायचं सोडून मी तिच्या मागे बसून गप्प राहिले, याबद्दल चिडली. दुपारचा डबा तिने दुसऱ्या टेबलावर खाल्ला. संध्याकाळी मात्र स्कूटी सुरू करून हॉर्न वाजवत राहिली, मी बसेपर्यंत.

आम्ही तशाच भिंगारला गेलो. चाचांसमोर मी पुन्हा सगळं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की मीही घेणारा असतो तर हेच समजलो असतो, पण विचारलं असतं. मग स्वतः बॉनेट उघडून बिजागरीपाशी टॉर्च धरला. बोल्टांवर कंपनीचाच रंग आहे, सलग. पाना कधी लागलेलाच नाही. गाडीवाल्याला त्यांनी फोन करून सांगितलं की रविवारी येऊ नकोस, आधी बघून गेलेल्या पोरीचा निकाल अजून लागायचाय. एवढ्यात राहीबाई आल्या. पूजेमुळे गाडीचा सौदा अडला हे कळल्यावर त्यांनी मला विचारलं की मी कोणत्या गावची, आणि पाथर्डीची म्हटल्यावर म्हणाल्या की मग अक्कल यायला वेळ लागायचाच.

घरी आईला सांगितलं. तिची बोलणी तिच्याच शब्दांत लिहिते, कारण ती समोर बसून बघते आहे: माझ्या नावावर सातबारा न्हाई, घर न्हाई, एक खोटं तेवढं केलंस व्हय गं.

तेव्हा मामा, ‘होल्ड’चं लेबल मी काढते आहे. फक्त तुमचा होकार हवा. चूक माझी आधी होती, तुमची नंतर, म्हणून तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.

लोभ कमी झाला असल्यास भरून काढण्याची संधी द्यावी.

तुमची,
दिशा

*

जामखेड
२० नोव्हेंबर २०२५

चि. दिशा हिस,
अनेक आशीर्वाद.

मामीनं पत्र मोठ्यानं वाचलं. मला ऐकू येत न्हाई तरी वाचलं, शेजाऱ्यांसाठी. आता अख्ख्या आळीला ठाऊक हाय की गोरक्षनं हळदीचा डाग बघून गाडी मोडीत काढली. बावीस वर्षं दर दसऱ्याला मीच माझ्या ट्रकला फुलं वाहायचो. युनिटमधली झाडून सगळी पोरं यायची, हिंदू, मुसलमान, शीख, आणि प्रसादाला तर आधी यायची. हे मला आठवलं कसं न्हाई कुणास ठाऊक. दुसऱ्याच्या गाडीत खोट शोधायची म्हटलं की माणूस स्वतःचं सगळं इसरतो.

माझा होकार हाय. पण एक इचारतो. तू टायर बघितले, बोल्ट बघितले, इमा बघितला. अक्कानं त्यात बसून बघितलं का? तुझ्या तिन्ही पत्रांत ती कुठं बसलेली मला दिसली न्हाई. उंच गाडीत चढायला तरास, पण खाली वाकून बसायचं आणि पुन्हा उठायचं, त्याला बी गुडघेच लागतात. गाडी कितीबी चांगली आसू दे, अक्का तिच्यातनं आपली आपण उठली न्हाई तर ती माझ्या अक्काची गाडी न्हवं. आधी तिला बसव. मग काय ती घे.

आणि हे बी सांगतो, ती न्हाई उठली तरी रडत बसू नको. करण म्हणतो तो हळद लावून घ्यायला तिकडं सावेडीला येईल. मामी म्हणते असलं कुठं आसतं का. मी म्हणालो नसलं तर आपण करू.

घरासमोरचा चर करणनं मुरूम टाकून भरला. गतिरोधकांचं माझ्या हातात न्हाई.

माझ्या अकलेवर नको, पण मायेवर भरोसा ठेव.

तुझा,
गोरक्षमामा

*

सावेडी, अहिल्यानगर
२४ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. मामांस,
कृ. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. सगळं मोजलं आणि जिच्यासाठी मोजलं तिलाच मोजायचं राहिलं.

काल चाचा आणि अंजुम गाडी घेऊन आमच्या दारात आले. राहीबाई मागच्या सीटवर होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. आईने नवं लुगडं नेसलं, जसं काही गाडीच तिला बघायला येणार होती.

पहिल्यांदा नाही जमलं. तिने आधी उजवा पाय आत टाकला आणि तशीच अडकली, एक पाय आत, एक रस्त्यावर, डोकं वरच्या कडेला. मी धरायला गेले तर माझा हात झटकला. मग खाली उतरून दाराला टेकून उभी राहिली आणि मला म्हणाली की राहू दे, गाडी चांगली हाय, तू घे, मी नंतर कधीतरी बसंन. मामा, तिचा तो ‘नंतर कधीतरी’ मला ठाऊक आहे. माझ्या फीचे पैसे भरताना चपला घ्यायच्याही तिने नंतर कधीतरीवर ठेवल्या होत्या.

मागून राहीबाई बोलल्या. त्यांनी आईला विचारलं की माहेराहून सासरी येताना बैलगाडीत कशी बसायचीस. आई म्हणाली, पाठमोरी होऊन, आधी कडेवर टेकायचं आणि मग दोन्ही पाय उचलून आत फिरवायचे. मग हिला काय शिंगं हायेत का, असं राहीबाईंनी विचारलं.

आई पाठमोरी झाली. सीटवर टेकली. दोन्ही पाय उचलून आत फिरली. चाचांनी सीट मागे सरकवली आणि मी बुडाखाली गोधडीची घडी दिली, त्याने सीट बरोबर खाटेएवढी उंच झाली. मग आईने दार लावायला सांगितलं आणि काच खाली करून आम्हा सगळ्यांकडे बघत बसली. उतरताना पाय बाहेर, एक हात दाराला, एक सीटला, आणि उठली. कुणी हात लावला नाही. पुन्हा बसली. पुन्हा उठली. तिसऱ्यांदा बसली आणि उतरेना. म्हणाली की एक चक्कर तर मारा.

मीच चालवली. प्रोफेसर कॉलनी चौकात गाडी दोनदा बंद पडली, मागचे रिक्षावाले जे बोलले ते मी लिहीत नाही. आईने त्यांना काच खाली करून उत्तर दिलं, तेही लिहीत नाही. या आठवड्यात रोज कामावरून आल्यावर चाचा मला भिंगारच्या रिकाम्या रस्त्यावर चढाला क्लच धरायला शिकवणार आहेत. जॅकचा दांडा तेवढा मिळत नाहीये, बाकी गाडीत उणं काही नाही. शनिवारी कागदांवर सह्या होतील.

चाचा म्हणाले होते की बॉनेट पॉलिश करून देतो, डाग निघून जाईल. मी नको म्हटलं. राहीबाईंनी ते ऐकलं आणि जाहीर करून टाकलं की गाडीचा मालक बदलतोय म्हणजे निघायच्या दिवशी सकाळी पूजा पुन्हा करावी लागेल. चाचांनी माझ्याकडे असं बघितलं, की सुटलो एकदाचा.

तेव्हा तुमच्या दारात चंदेरी गाडी उभी राहील आणि बॉनेट पिवळं असेल. हसू नका आणि दिवस मावळेपर्यंत कुणाला पुसू देऊ नका. गतिरोधक मी तिरपे घेईन. आईला उतरवायला कुणी पुढे यायचं नाही, करणदादानेसुद्धा, हा तिचा निरोप आहे. दार उघडून उभं राहायचं आणि वाट बघायची.

गुरुवारच्या हळदीला ती तुमच्या अंगणात हवी, म्हणून एक दिवस आधीच येतो. तोवर आमच्यावरचा लोभ अंगणात तयार ठेवावा. आम्ही निघतोय बुधवारी, ३ डिसेंबरला, सकाळी.

तुमची भाची,
दिशा